शहाडचे पाच मणके

९ जानेवारी

आज पोलिसांनी मला मिठाईच्या खोक्यातून एक माणूस आणून दिला. अर्धा किलोचं खोकं, वर दुकानाचं नाव, आत कापूस आणि कापसात मानेचे पाच मणके. हाडं कशी बांधून आणायची ते मी स्वतः या जिल्ह्यातल्या पोलिसांना दोनदा शिकवलं आहे. दोन्ही वेळा चहाच्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग परत आला नाही. उरलेला निम्मा झोपला होता हे आज कळलं.

आणणारे इन्स्पेक्टर महेंद्र घाग. केस नीट विंचरलेले, मोबाईल दोन. शहाडला नदीकाठी कुणाच्या तरी कंपाउंडसाठी जेसीबी लावला होता. मातीत हाडं दिसली तेव्हा ऑपरेटरने काम थांबवलं म्हणे, पण त्याआधी चार डंपर भराव निघून गेला होता. म्हणजे कवटी, कंबर, हातपाय कल्याणच्या कुठल्या तरी रस्त्याखाली गेले. मला मिळाली मान.

"मॅडम, जेन्ट्स आहे ना?" घाग खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले.

"खोकं उघडू का आधी?"

"तुमचा फॉर्म्युला आहे ना मानेचा. ऐकलंय आम्ही."

ऐकलं असेल. कॉलेजात मला मागून मानमोडे बाई म्हणतात तेही ऐकलं असेल. वीस वर्षं मी देहदानात आलेल्या देहांच्या मानेची हाडं मोजते आहे. शरीरशास्त्र विभागातल्या बाकीच्यांनी मांडीचं हाड घेतलं, कवटी घेतली, कारण त्यावर आधीच शंभर जणांनी लिहिलेलं असतं आणि नक्कल करायला सोपं जातं. मान कुणी घेत नाही. आता फक्त मान सापडली तर सगळे माझ्या दारात.

१२ जानेवारी

मापं झाली. ऋजुता, माझी असिस्टंट, आकडे लिहून घेत होती. तिचं अक्षर चांगलं आहे, बाकी प्रत्येक गोष्टीला "मॅडम, पण" म्हणायची खोड आहे.

मानेत सात मणके असतात, माझ्याकडे आलेत ते दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे. दुसरा मणका सगळ्यांत बोलका. त्याला वर दातासारखा खुंट असतो, त्याच्यावर आपलं डोकं डावी-उजवीकडे फिरतं. नकार देताना आपण याच हाडाचा वापर करतो. पुरुषात तो जाड, बाईत बारीक. त्याची रुंदी, उंची आणि मागच्या भोकाची मापं समीकरणात घातली की पाचात चार वेळा उत्तर बरोबर येतं. हा मणका बारीक आहे. उत्तर बाई. पाचही मणक्यांच्या उंचीवरून माणसाची उंची साधारण पाच फूट, दोन-अडीच इंच इकडे किंवा तिकडे.

घागांना फोन केला. त्यांचा आवाज पडला. त्यांच्याकडे चार वर्षांपासून एक बेपत्ता पुरुष पडून आहे. मानपाड्याचा धाकू, वय पंचेचाळीस, उंची पाच फूट सहा. पूर्वी शहाडला त्याच नदीकाठी वीटभट्टीवर राखणदार होता. घागांना बेवारस हाडं आणि बेपत्ता माणूस अशा दोन फायली एकत्र बांधून कपाटात टाकायच्या आहेत.

"मॅडम, पाचातला एक जेन्ट्स असतो ना?"

"असतो."

"मग तोच एक हा समजा ना."

शिवाय त्यांनी मणक्यांचे फोटो मुंबईच्या एका सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. सरांनी उलट टपाली अंगठा दाखवून 'मेल' लिहिलं. कशाच्या आधाराने? कडा खरबरीत दिसतात म्हणून, म्हणजे मजूर, म्हणजे पुरुष. या सरांच्या घरी धुणंभांडी कोण करतं ते एकदा विचारायला हवं.

१७ जानेवारी

धाकूची बायको आली. मालन. चाळिशीच्या आतबाहेर, एमआयडीसीत पॅकिंगला जाते, मूळ महाडकडची. घागांनीच पाठवलं असणार. माझ्यावर दबाव आणायला आता बायका पाठवतात.

टेबलावरच्या ट्रेकडे तिने फक्त एकदा पाहिलं आणि म्हणाली, "त्यांचेच आहेत."

मी म्हटलं, "बाई, मणक्याला चेहरा नसतो."

"मला ओळखू येतात."

"नवऱ्याची मान तुम्ही आतून पाहिली होती का?"

हे बोलायला नको होतं असं ऋजुताने नंतर सुचवलं. पण मला या भक्तीचा कंटाळा आला आहे. चार वर्षांपूर्वी नवरा घरातून निघून जातो, एक फोन नाही. आणि ही त्याची हाडं ओळखायला दोन बस बदलून येते. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या या बायकांना सात जन्मही पुरणार नाहीत.

मी सांगितलं, खात्रीच करायची तर तुमच्या मुलीचं रक्त द्या, डीएनए जुळतो की नाही ते कळेल. तिला सान्वी नावाची बारा वर्षांची मुलगी आहे. मालन लगेच उठून उभी राहिली. "पोरीचं रक्त नाय द्यायचं. तुम्ही लिहून टाका ना, मॅडम. तुमच्या लिहिण्यानं होतंय तर."

अंधश्रद्धा. रक्त काढलं की पोर वाळते वगैरे असणार.

२४ जानेवारी

ऋजुताने आज जेवणाच्या डब्यावर विषय काढला. "मॅडम, पण आपलं सॅम्पल बघा ना. देहदान कोण करतं? डोंबिवलीचे, नौपाड्याचे रिटायर्ड लोक. आयुष्यभर दूध-तूप खाल्लेले. ह्या हाडाचा माणूस त्यातला नसेल तर आपला फॉर्म्युला लागू होतो का?"

मी तिला सांगितलं की ती स्वतः बालवाडीत होती तेव्हापासून मी मणके मोजते आहे. वीस वर्षं कामाची, एक मुलगी भेंडीची भाजी खाता खाता त्यात भोक पाडते. दुपारभर डोकं भणभणत होतं.

२५ जानेवारी

उंचीतला फरक दोन-अडीचवरून तीन इंच केला. हा बदल मी मुळातच करणार होते.

२ फेब्रुवारी

मालन पुन्हा. या वेळी तिने नवऱ्याला कापायला सुरुवात केली. म्हणे पाच फूट सहा हे पोलिसांनी चुकून लिहिलं, तो पाच चारच होता. मी म्हटलं, तरीही जुळत नाही. तर म्हणे, कामामुळे वाकलेला होता, तसा पाच तीन.

"अजून जरा वेळ बसलात तर खिशात मावेल तो," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने विचारलं, "तुमचा कमीत कमी आकडा किती, मॅडम?" मला वाटलं ही बाजारात आली आहे. तिला सांगितलं की आकडा हाडातून येतो, घासाघीस करून नाही.

जाताना दारात थांबून म्हणाली, "तो मेलाय एवढं लिहून दिलंत तर आमचं लय बरं होईल."

घागांचाही फोन झाला. त्यांच्या वरच्या साहेबांनी विचारलं म्हणे की एका बाईला एवढं कळतं आणि मुंबईच्या सरांना कळत नाही का. मी म्हटलं, साहेबांना माझा नमस्कार सांगा, आणि फोन ठेवला.

११ फेब्रुवारी

डोंबिवलीत देहदान मंडळाचं व्याख्यान होतं. समोर पन्नास ज्येष्ठ नागरिक, त्यांतले दहा जण व्याख्यानानंतर आपल्या गुडघ्याचे एक्स-रे घेऊन रांगेत. मी मेलेल्यांची डॉक्टर आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तिथून मानपाडा जवळ, म्हणून मालनच्या घरी गेले. धाकूचा एखादा शर्ट, विजार मिळाली तर खरी उंची काढता येईल आणि ही घासाघीस एकदाची संपेल असं मनात होतं.

बैठी चाळ, शेवटची खोली. दार वाजवल्यावर आतून मुलीचा आवाज आला, "कोण?" मी नाव सांगितलं, कॉलेजचं सांगितलं. दार उघडलं नाही. शेजारणीने हाक मारली, तरी नाही. शेवटी मालन पाण्याची कळशी घेऊन आली, तिने "सानू, मी हाय" म्हटलं, मग आतून आधी वरची कडी, मग खालची आणि मग काही तरी जड सरकवल्याचा आवाज. दारामागे लोखंडी गज होता. पहारच म्हणायची. त्या खोलीत चोरण्यासारखं एक मिक्सर आणि एक टीव्ही. गरीब माणसं आपल्या भांड्यांना खजिना समजतात.

कपडे नाहीत. सगळे जाळले म्हणाली. फोटो? तोही नाही. शोकाची ही तऱ्हा मी पहिल्यांदा पाहिली, पण काही लोकांना आठवण सहन होत नाही असं ऐकून आहे. सान्वी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. मी विचारलं, "बाबा आठवतात का ग?" तिने आईकडे पाहिलं. आईने चहा ठेवला.

घरी येऊन मधुला सांगितलं. मधु म्हणजे माझा नवरा, बँकेतून निवृत्त, घोडबंदरच्या बाविसाव्या मजल्यावरून खालचा ट्रॅफिक बघणे हा त्याचा पूर्णवेळ व्यवसाय. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नीरजा, ती बाई रडत नाहीये. घाबरलीये."

"कुणाला? मेलेल्या नवऱ्याला?"

"तू म्हणतेस ना की तो मेलेला नाही."

मधु दुपारी टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघतो. त्याला सगळीकडे काही तरी दिसतं.

२० फेब्रुवारी

आज हाडं पुन्हा साफ करायला घेतली. कारण घाग आता लेखी मागत आहेत आणि मला माझ्या अहवालात 'पाचात चार' असं लिहून त्यांच्या हातात पाचवा माणूस द्यायचा नाही.

मऊ ब्रश, पाणी, धीर. मणक्याच्या वर-खाली चकतीच्या कडेला हाडाची एक पातळ कडी असते. लहानपणी ती सुटी असते, मग हळूहळू चिकटत जाते, आणि पंचविशीपर्यंत सांधाही दिसेनासा होतो. माती निघाली तशी चौथ्या मणक्याच्या खालच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. मला दिसतच होती, तेवढ्यात ऋजुताने तिथे बोट ठेवलं. तिसऱ्यावरही तीच. ज्या खरबरीत कडा मुंबईच्या सरांना मजुराच्या वाटल्या, त्या कडीच्या अर्धवट चिकटलेल्या कडा होत्या.

म्हणजे वय विशीच्या आसपास. पंचेचाळीसचा धाकू गेला. आणि एवढ्या वयात, एवढी लहान मापं, एवढा बारीक खुंट. आता माझ्या समीकरणाला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. ही तरुण मुलगी होती.

"मॅडम, पण मग ही बेपत्ता म्हणून कुठेच कशी नाही?" ऋजुता म्हणाली. घागांनी जिल्ह्याची यादी पाहिली होती. या वयाची, या उंचीची, त्या भागातली कुणीही हरवलेली नाही. एक मुलगी मेली, पुरली गेली, आणि ती नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा समाजाविषयी काय लिहायचं. पोलिसांत जाऊन 'आमची मुलगी दिसत नाही' म्हणायचा त्रासही कुणी घेतला नाही.

२२ फेब्रुवारी

घाग आणि मालन दोघांना एकाच वेळी बोलावलं, म्हणजे तेच दोनदा सांगायला नको. सांगितलं. धाकू नाही. वीस-बावीसची मुलगी, उंची पाच फुटांच्या आसपास.

घाग कपाळ चोळत बसले. त्यांच्या दोन फायली बांधायच्या राहिल्या, उलट एक नवी उघडली. मला खरं तर मजा वाटत होती. मग मालनकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. टेबलाची कड धरली होती.

"म्हणजे तो जिता हाय," ती म्हणाली.

"असेलही. माझ्याकडे त्याची हाडं नाहीत, एवढंच मी सांगू शकते."

मला वाटलं आनंदाने घेरी येते आहे. नवरा जिवंत असू शकतो म्हटल्यावर या बायकांचं असंच होतं. पाणी दिलं. ते न पिता ती उभी राहिली आणि तिने विचारलं, "पोरगी केवढी म्हणालात? कुठपर्यंत येईल माझ्या?"

मी तिच्या कानाच्या जरा खाली हात धरला. ती त्या हाताकडे पाहत राहिली. मी हात खाली घेतला तरी ती तिथेच पाहत होती. मग पिशवी उचलून गेली. घाग म्हणाले, "वेडी आहे."

मीही हो म्हटलं.

५ मार्च

हे नीट लिहायला हवं.

मालन आज सान्वीला घेऊन आली. मुलीला बाहेर ऋजुताजवळ बसवलं, आत येऊन दार लावून घेतलं. बसली नाही.

"मॅडम, मी खोटं बोलले. ते त्यांचे नाहीत, मला ठाव होतं. मला ते त्यांचे पायजे होते."

मी विचारलं, का.

"मेला असं कागदावर आलं तर तो येणार नाय असं वाटायचं." नंतर तिला स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटलं असावं, कारण ती थांबली. "तो असाच जातो. एकदा वर्षभर गेला होता. मग एक दिवस दार वाजवलं आणि आला. तेव्हा माझा हात मोडला. सानू तेव्हा पाच वर्षांची. तिला पलंगाखाली घातली होती मी."

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. बोलायचं ते मी आधीच, जानेवारीपासून, बोलून बसले होते.

मग तिने शालूचं सांगितलं. मालनच्या आधी धाकूची एक बायको होती. मुरबाडकडची, लहान वयात दिलेली. शहाडला भट्टीवरच राहायची. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पळून गेली, असं धाकूने सगळ्यांना सांगितलं. सासरच्यांनी मानलं, माहेरच्यांनीही मानलं. मालनचं स्थळ आलं तेव्हा तिच्या घरच्यांना उलट दयाच आली, बिचाऱ्याला बायको सोडून गेली.

"रागात असला की मला म्हणायचा, तुलापण तिच्यासारखी पळवीन. मला वाटायचं हाकलून देईन म्हणतोय." तिने आपल्या कानाखाली, मी धरला होता तिथेच, हात धरला. "त्याच्या चुलतीनं मला एकदा सांगितलं होतं, आधीची बुटकी होती, इथवर यायची तुझ्या. तुम्ही त्या दिवशी हात धरलात तो बराबर तिथंच."

दारामागची ती पहार चोरांसाठी नव्हती. बस, एवढंच लिहिते.

६ मार्च

मधुला सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं तो म्हणेल म्हणून सकाळी उशिरापर्यंत टाळलं. तो म्हणाला नाही. त्याने फक्त विचारलं, त्या दोघी आत्ता कुठे आहेत.

ऋजुताच्या मावशीची कल्याणला रिकामी खोली आहे. ऋजुताने कालच त्यांना तिथे नेलं होतं. मला विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं कुणास ठाऊक.

९ मार्च

घागांना वाटलं होतं की मी त्यांची चेष्टा करते आहे. "मॅडम, आधी म्हणालात धाकू नाही. आता म्हणताय धाकूनेच केलं. मी वर काय सांगू?"

"वर काहीही सांगा. खाली मुरबाडला जा. शालूचे आईवडील असतील तर त्यांचं रक्त घ्या."

"सोळा वर्षं झाली. कम्प्लेन्टच नाही. त्यांना काही पडलेलं असतं तर आले नसते का?"

दोन आठवड्यांपूर्वी मी या डायरीत जे लिहिलं, तेच वाक्य त्यांच्या तोंडून आलं. ते फार हलकट वाटलं ऐकायला.

सहावा मणका डीएनएसाठी लॅबला दिला. हाड कापावं लागतं. मला हाड कापायला आवडत नाही, आणि आज तर मुळीच आवडलं नाही. अहवालही दिला. स्त्री, वय अंदाजे अठरा ते तेवीस, उंची अंदाजे पाच फूट, फरक तीन इंच. मृत्यूचं कारण या हाडांवरून सांगता येत नाही. ते शेवटचं वाक्य घागांनी खोडायला सांगितलं, म्हणाले गळा दाबला असं लिहा, केस मजबूत होईल. आधी मुलीचा माणूस करायचा होता, आता हाडांवर नसलेली बोटं उमटवायची आहेत. मी त्यांना माझं पेन दिलं आणि म्हटलं, तुम्हीच लिहा, खाली सहीही करा. त्यांनी पेन परत ठेवलं.

१६ मार्च

घाग स्वतः मुरबाडला गेले होते. मी हवालदार पाठवतील असं धरून चालले होते. परत आले ते बुटांना माती, मोबाईल एकच हातात. वडील आहेत, भिवा नावाचे. आई आहे. दोघांनी रक्त दिलं. "म्हाताऱ्याने बाही वर केली, मॅडम," घाग म्हणाले. "हात पुढे केला फक्त." मग त्यांनी बराच वेळ चहा ढवळला. चहात साखर आधीच विरघळली होती.

या माणसाविषयी मी काही बरं लिहीन असं वाटलं नव्हतं. फार लिहिणार नाही.

२८ जून

जुळला. हाडं भिवा आणि त्यांच्या बायकोच्या मुलीची, म्हणजे शालूचीच, आहेत यात शंका नाही असं लॅबचं पत्र आलं. साडेतीन महिने लागले. तेवढ्यात दोन आमदारांच्या कुत्र्यांची चाचणीही होऊन आली असेल.

मुंबईच्या सरांनी एका परिषदेत सांगितलं की शहाडच्या प्रकरणात त्यांचा सल्ला घेतला गेला होता. खोटं नाही. घेतला गेला होता.

ऋजुताला म्हटलं, आपण शोधनिबंध लिहू, देहदानाच्या सॅम्पलमध्ये काय चुकतं त्यावर. पहिलं नाव तुझं. ती इतका वेळ माझ्याकडे पाहत राहिली की मला राग आला. म्हटलं, "काय झालं? पण म्हण ना." ती "नाही मॅडम" म्हणाली.

१५ जुलै

धाकू सापडला. वापीजवळच्या एका गोदामात राखणदार. तिथेही त्याने तिसरी बाई ठेवली होती. घागांनी पकडून आणला. पहिल्या दिवशी म्हणाला पळाली, दुसऱ्या दिवशी म्हणाला साप चावला, तिसऱ्या दिवशी म्हणाला मी दारू प्यायलेलो होतो. खटला चालेल. त्याचा वकील मला उलटसुलट विचारेल की मानेवरून बाई कशी ओळखता, आणि मी त्याला पाचात चार म्हणजे काय ते समजावेन. विचारू दे. मी तयार आहे.

मालनला फोन केला. तिने विचारलं, "आत हाय ना तो? दार बंद हाय ना तिथलं?" मी म्हटलं, हो. मग तिने सान्वीला हाक मारून सांगितलं, "जा, खेळायला जा खाली."

२ ऑगस्ट

भिवा आज आले. घागांनी गाडीतून आणलं. सत्तरीचा माणूस, धोतर, पांढरा सदरा इस्त्री केलेला, पायात नवीन चपला, त्या चावत असाव्यात. मुलीला न्यायला आले होते.

मला त्यांना सांगावं लागलं की नेता येणार नाही. हाडं पुरावा आहेत, खटला संपेपर्यंत सरकारजमा. हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना तोंडपाठ करायला लावलं आहे. त्यांच्या तोंडावर ते वाक्य मी त्यांच्या नवीन चपलांकडे बघत सांगितलं.

ते भांडले नाहीत. म्हणाले, "दावा तरी."

मी ट्रे आणला. त्यांनी हात लावला नाही. वाकून पाहिलं. "कुटलं हाय हे?"

"मान."

"आन बाकीची?"

घाग खिडकीबाहेर पाहू लागले. मी सांगितलं, मिळाली नाही. शोधली, मिळाली नाही.

भिवा खाली बसले, खुर्ची असून जमिनीवर. मग बोलायला लागले, कुणाकडेही न पाहता. "जावयानं सांगितलं, पोर पळाली. मी मानलं. गावात तोंड दावायला जागा नाय राहिली. मी तिच्या नावानं आंघोळ केली, मेली म्हणून. घरात नाव काढू दिलं नाय कोनाला. तिची आय म्हनायची, माझी शालू पळनारी नाय, जाऊन बघा तरी. मी तिला गप बसवली. सोळा वर्सं गप हाय ती. रगत द्यायला आली तवाबी नाय बोलली."

मग त्यांनी मान वर केली. "बाय, तुमी शिकलेल्या हाव. एक लिवून द्याल का? पोर पळाली नव्हती, एवडंच. तुमच्या शिक्क्यानं."

घाग लगेच म्हणाले, "मॅडम, मॅटर कोर्टात आहे. असं लिहू नका. तो वकील यावरूनच सुरुवात करेल."

बरोबर बोलत होते. हाडावरून बाई सांगता येते, वय सांगता येतं, उंची सांगता येते. कोण कुठे पळालं नाही हे हाडावरून सांगता येत नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं लिहिलं असतं तर मी ते पान फाडलं असतं.

मी कॉलेजचं लेटरहेड घेतलं. लिहिलं की मुरबाड तालुक्यातील भिवा यांची मुलगी शालू ही सासरच्या घरातून पळून गेलेली नव्हती. ती शहाड येथे होती. खाली पूर्ण नाव, पदव्या, हुद्दा, तारीख, शिक्का. घागांनी हरकत घेतली नाही. त्यांनीच शिक्क्याचं पॅड पुढे सरकवलं.

भिवांनी कागद हातात घेतला, उलटा, मग मी सरळ करून दिला. म्हणाले, "वाचा."

मी वाचलं.

"मोठ्यानं वाचा, बाय. मला ऐकू येतंय. त्या लोकांना जाऊ द्या ऐकू." बाहेर व्हरांड्यात प्रॅक्टिकलला आलेली मुलं उभी होती, दोन शिपाई, विभागातले दोघे-तिघे जण, जे इन्स्पेक्टर कशाला आला ते बघायला रेंगाळत होते.

मी उठले, दार पूर्ण उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहून पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं.